मुंबई–नागपूर: ६८३ किलोमीटर आणि अजनी चौकात अडकलेला दादा

६ जुलै २०२५, रविवार

काल तिकिटावर नागपूरला पोचायची वेळ सकाळी ८.२५ होती. चाकं टेकली ८.०२ ला. सव्वाआठला मी बॅग घेऊन बाहेर उभा, आणि दादा फोनवर, "काहून बे, उतरलाबी? मी तर आत्ता अजनी चौकात येऊन राहिलो." पुढची पंचवीस मिनिटं मी वर्धा रोडचा आवाज ऐकत उभा होतो. गेल्या महिन्यात याच्या बरोबर उलट झालं होतं. दादा वेळेवर आला आणि पाऊण तास पार्किंगमध्ये बसला.

बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी महिन्याला एक चक्कर ठरलेली आहे. म्हणजे हा प्रकार महिन्याला एकदा होणार. रात्री जेवताना दादा म्हणाला, "तू इंजिनिअर ना? मग विमान खरं किती वाजता उतरते ते सांगत जा. तिकिटावरचं नको."

ॲपवर विमान सरकताना दिसतं, हे मलाही माहीत आहे. पण दादाला गाडी चालवताना ॲप बघायचं नाही. त्याला निघायच्या आधी एक आकडा हवा. म्हणून हा तक्ता. नाव दिलंय 'उड्डाण-वेळ'. विमानानं मुंबईची धावपट्टी सोडली की मी वेळ टाकायची आणि तक्त्यानं नागपूरला चाकं टेकण्याची वेळ सांगायची. धावपट्टी सोडताना फोन करता येत नाही, हा मुद्दा बायकोनं लगेच काढला. तूर्तास असं ठरलं: विमान धावपट्टीच्या रांगेत लागलं की मी अंदाजानं वेळ कळवून फोन बंद करायचा.

८ जुलै, मंगळवार

आधी अंतर. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले. मुंबई १९.०८८७ उत्तर, ७२.८६७९ पूर्व. नागपूर २१.०९२२ उत्तर, ७९.०४७२ पूर्व. गोलावरच्या दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर काढायचं सूत्र कॉलेजात कधीतरी केलं होतं. एक्सेलमध्ये बसवलं, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी घातली आणि एंटर मारलं.

उत्तर आलं १२,७४१ किमी.

पृथ्वीचा व्यास साधारण १२,७४२ किमी आहे. म्हणजे माझ्या तक्त्याप्रमाणे मुंबईहून खाली भोक पाडून जमिनीच्या आरपार गेलं की नागपूर लागतं. चूक जुनीच निघाली. एक्सेलला कोन रेडियनमध्ये लागतात आणि मी अंश दिले होते. व्यासाशी एक किलोमीटरच्या फरकानं जुळणं हा निव्वळ योगायोग, पण त्या योगायोगापायी अर्धा तास गेला. मला वाटलं सूत्रात कुठेतरी 'दोन गुणिले त्रिज्या' राहून गेलंय आणि मी तेच शोधत बसलो. उत्तर सरळ भलतंच, समजा चाळीस लाख, आलं असतं तर चूक लगेच सापडली असती.

दुरुस्तीनंतर ६८२.६ किमी. वैमानिकांच्या भाषेत ३६९ सागरी मैलांना थोडे कमी.

१३ जुलै, रविवार

अंतराचा पिच्छा सोडवत नाही. पृथ्वी काही चेंडू नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाकडे ६,३५७. हा चपटेपणा धरून पुन्हा काढलं तर मुंबई–नागपूर अर्धा-पाऊण किलोमीटरनं वाढतं, ६८३ च्या किंचित वर जातं. गंमत म्हणून मुंबई–दिल्ली केलं. गोल पृथ्वीवर १,१३८, आणि चपटी धरली तर साडेतीन किलोमीटरनं कमी. एक वाढतं, एक घटतं! मुंबई–नागपूर जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे, दिल्लीचा मार्ग बराचसा दक्षिण-उत्तर. आपल्या अक्षांशांवर आडव्या दिशेनं पृथ्वीची वक्रता सरासरी गोलापेक्षा मोठ्या त्रिज्येची आहे आणि उभ्या दिशेनं लहान. वेळेच्या हिशेबात याचा उपयोग शून्य. अर्धा किलोमीटर म्हणजे विमानाला दोन-सव्वादोन सेकंद. तरी हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो घरात कुणालाही समजावता आला नाही.

तक्त्यात ६८३ पक्के केले. तुलनेसाठी बाजूला लिहून ठेवलं:

रेल्वेनं, सीएसएमटी ते नागपूर, भुसावळमार्गे: ८३७ किमी
समृद्धी महामार्ग: ७०१ किमी
विमानतळ ते विमानतळ, सरळ: ६८३ किमी

७०१ आणि ६८३ शेजारी-शेजारी बघून पहिल्यांदा विश्वास बसला नाही. पण ही तुलना थोडी लबाडीची आहे. समृद्धी भिवंडी तालुक्यात आमणेला संपतो, सांताक्रूझला नाही. आमच्या कल्याणकरांसाठी मात्र आमणे अर्ध्या तासावर आणि विमानतळ सव्वा तासावर, तेव्हा लबाडी आमच्या फायद्याची आहे.

नकाशावर ती सरळ रेषा ओढली. भंडारदऱ्याच्या थोडं दक्षिणेकडून, शिर्डीच्या जवळून, छत्रपती संभाजीनगरच्या जवळजवळ डोक्यावरून, मग चिखली आणि मेहकर यांच्या मधून, कारंजा लाडच्या किंचित उत्तरेनं, अमरावती डावीकडे आणि वर्धा उजवीकडे ठेवून नागपूर. समृद्धीही साधारण याच पट्ट्यातून जातो. रेल्वे मात्र नाशिक, मनमाड, जळगाव, भुसावळ असा उत्तरेचा वळसा घेऊन अकोल्याला येते. रेल्वेचे जास्तीचे दीडशे किलोमीटर तिथे आहेत.

१९ जुलै

सोपी रीत अशी: अंतराला ताशी आठशेच्या आसपासच्या वेगानं भागा आणि चढण्या-उतरण्याची तीस मिनिटं मिळवा. ६८३ ला ८०५ नं भागून ५१ मिनिटं, अधिक ३०, म्हणजे १ तास २१ मिनिटं. तिकीट म्हणतं १ तास ३५. ५ तारखेचा प्रवास, विमान जागेवरून मागे ढकलल्यापासून नागपूरला थांबेपर्यंत, १ तास १७ मिनिटांचा झाला. तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

तिकिटावरची वेळ ही मुळात उडण्याची वेळच नाही. जागेवरून चाकाखालची अडण काढली तिथून घड्याळ सुरू, आणि पलीकडे पुन्हा अडण लावली की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात मुंबईचा टॅक्सी-वे आला, धावपट्टीपुढची रांग आली, आणि वर कंपनीनं घातलेली उशी आली. पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान 'वेळेवर' धरतात. मग वेळापत्रक सैल ठेवायला कोण नाही म्हणेल?

तेव्हा ब्लॉक टाइम बाजूला. मोजायचं ते फक्त हवेतलं: चाकं सुटली ते चाकं टेकली.

२७ जुलै, रविवार, रात्री

पहिली खरी मापं.

काल जाताना: मागे ढकललं ६.५२, चाकं सुटली ७.१४, टेकली ८.२१. हवेत ६७ मिनिटं.

मुंबईत जमिनीवरच बावीस मिनिटं गेली. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मनमोकळं काम चालत नाही. सगळा भार एकीवर. आमच्या पुढे सहा विमानं होती, मी मोजली. उडणंही नागपूरच्या दिशेनं नाही. नेहमीच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून तोंड पश्चिमेला असतं. विमान जुहूवरून समुद्रात जातं आणि मग वळून पुन्हा मुंबईवरून पूर्वेकडे निघतं. पहिली चार-पाच मिनिटं आपण नागपूरपासून लांब जात असतो! ६८३ मध्ये हे बसत नाही. नागपूरलाही तसंच. तिथली एकुलती धावपट्टी आग्नेय-वायव्य आहे. काल वारा वायव्येचा होता, म्हणून बुटीबोरीच्या अंगानं वळसा घेऊन आग्नेयेकडून उतरलो. दोन्हीकडचा फेरा मिळून पस्तीस-चाळीस किलोमीटर नक्की जात असावेत.

आज येताना: हवेत ८४ मिनिटं. शहापूरच्या आसपास असू, ढगात, आणि विमान वळायला लागलं. मग पुन्हा वळलं. शेजारच्या काकूंनी डोळे मिटून जप सुरू केला. खाली एकदा धरणाचं पाणी दिसलं आणि आठ मिनिटांनी तेच धरण दुसऱ्या खिडकीतून. वैमानिक एवढंच म्हणाला की पावसामुळे गर्दी आहे. ही नोंद तक्त्यात वेगळ्या रंगात टाकली. सरासरीत घेणार नाही.

एक उपयोगी गोष्ट कळली. फोन विमान-मोडमध्ये असतानाही जीपीएस चालतं, कारण फोन उपग्रहांकडून फक्त ऐकतो, पाठवत काही नाही. खिडकीच्या काचेला टेकवून धरला की मिनिटा-दोन मिनिटांत वेग दिसतो. काल जाताना स्थिर उंचीवर ७९० ते ८०० च्या मध्ये होता. आज येताना, गिरक्या सुरू होण्याआधी, ८६५.

जाताना कमी आणि येताना जास्त. का?

१७ ऑगस्ट

काम नाही. आकडेच नाहीत. फक्त उंचीचा रकाना जोडला. जाताना कॅप्टननं ३५,००० फूट सांगितलं होतं, येताना ३६,०००. हा नियमच आहे. पूर्वेकडे जाणारी विमानं विषम हजारांवर, पश्चिमेकडे जाणारी सम हजारांवर, म्हणजे समोरासमोर येणाऱ्यांत निदान हजार फूट राहतात. आठवीतल्या भाचीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे जिन्यावर डावीकडून चढा, उजवीकडून उतरा, तसंच ना?" तसंच.

१ सप्टेंबर, सोमवार, नागपूर

महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. त्यानंतर कुणी सरळ बसू शकत नाही, म्हणून सगळे आडवे आणि बोलणं सुरू. परवा (३० तारखेला) नागपूरला येताना ६८ मिनिटं लागली, ती नोंद मी लॅपटॉपवर टाकत होतो. बाबांनी चष्मा चढवून विचारलं, "हे काय करून राहिला?"

सांगितलं. बाबा आरएमएसमधून, म्हणजे रेल्वे डाक सेवेतून, निवृत्त झालेत. रेल्वेच्या डाकडब्यात उभं राहून त्यांनी अर्धं आयुष्य पत्रं लावली. मुंबईचं अंतर ६८३ म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "आमच्याकडं आठशे सदतीस." त्यांच्या डोक्यातला देश रुळांवर मोजलेला आहे.

मग म्हणाले, "दिल्लीचं काढ. मद्रासचं काढ. कलकत्त्याचं काढ. सारे नागपूरपासून."

काढले. दिल्ली ८५४, मद्रास ९०८, कलकत्ता ९८५, आणि मुंबई ६८३.

"हजाराच्या आत हाय सगळे," बाबा म्हणाले. "म्हणून तं रातची डाक इथं यायची."

मला हे अर्धवट माहीत होतं. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही ठिकाणांहून रात्री विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटे ज्याचं विमान त्याच्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. बाबा १९६७ ला नोकरीला लागले. सुरुवातीच्या दिवसांच्या गोष्टी त्यांनी वरिष्ठांकडून ऐकलेल्या: डाकोटाचा आवाज, धावपट्टीवरचे दिवे, थंडीत कानाला मफलर गुंडाळून थैल्या मोजणारी माणसं.

मी तक्त्यात एक नवं पान उघडलं आणि विमान बदललं. डाकोटाचा वेग ताशी २७० किमी धरला, चढउतार सोडून दिला. मुंबई २ तास ३२ मिनिटं. दिल्ली ३ तास १०. मद्रास ३ तास २२. कलकत्ता ३ तास ३९. म्हणजे चौघांना एकाच ठोक्याला नागपुरात आणायचं तर कलकत्त्याच्या विमानानं मुंबईच्या सव्वा तास नाही तरी तासभर आधी निघायला हवं.

बाबांनी पडद्याकडं बराच वेळ बघितलं. "अन् कलकत्त्याचं लेट झालं तं?"

"मग बाकीचे निघतील ना."

"निघतील कसे? त्यायच्या थैल्या कलकत्त्याच्या विमानात. ते येईपर्यंत कोणी हलत नव्हतं. तिघंही उभे." मग जरा थांबून, "तुह्या कागदात ते नाही."

नाही. माझ्या तक्त्यात एका विमानाला दुसऱ्याची वाट बघावीच लागत नाही. रात्री हे मनात घोळत राहिलं. चारांपैकी सर्वांत उशिरा येणाराच सगळ्यांची वेळ ठरवतो. मुंबईचं अंतर सर्वांत कमी असून मुंबईकराला त्याचा काही फायदा नाही.

दादानं मध्येच शून्य मैलाच्या दगडाचा विषय काढला, की नागपूर देशाचं केंद्र आहे वगैरे. त्या खांबाचा आणि त्याच्या घोड्यांचा अभिमान प्रत्येक नागपूरकराला असतो, मलाही आहे. पण केंद्र म्हणावं तर चारांत तीनशे किलोमीटरचा फरक आहे. हे मी बोललो नाही. पुरणपोळीच्या दिवशी भांडण नको.

३ सप्टेंबर

काल येताना ६२ मिनिटं. गिरकी नाही, आकाश ढगाळ पण गर्दी कमी. जाताना ६८, येताना ६२. जुलैतल्या वेगाचा प्रश्न पुन्हा समोर.

उत्तर वाऱ्यात आहे, पण आपल्याला माहीत असलेल्या वाऱ्यात नाही. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. तसा असता तर नागपूरला जाताना तो पाठीवर मिळायला हवा होता. पण नैर्ऋत्य वारा खालच्या काही किलोमीटरपुरता आहे. वर दहा-अकरा किलोमीटरवर पावसाळ्यात वारा उलटा, पूर्वेकडून वाहतो. उन्हाळ्यापासून तिबेटचं पठार आणि उत्तरेकडची जमीन तापते. त्यामुळे वरच्या थरात उत्तरेकडची हवा विषुववृत्ताकडच्या हवेपेक्षा गरम होते आणि नेहमीचा पश्चिमेचा वारा फिरतो. या पूर्वेच्या झोतवाऱ्याचं वर्णन पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये केलं. त्याचा खरा जोर दक्षिणेला, चेन्नईच्या अक्षांशांकडे आणि आमच्या विमानाच्या बऱ्याच वर, चौदा-पंधरा किलोमीटरवर असतो. नागपूरच्या वाटेवर आपल्याला त्याची फक्त कड लागते. फोनवरच्या आकड्यांवरून ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास.

म्हणजे बाहेर पाऊस नैर्ऋत्येचा आणि वर माझं विमान पूर्वेच्या वाऱ्याला तोंड देत नागपूरला चाललंय. मजा वाटली.

हे खरं असेल तर हिवाळ्यात उलटायला हवं. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेकडून पश्चिमेचा झोतवारा वाहतो, आणि तो यापेक्षा बराच जोरकस. भाकीत लिहून ठेवतो: डिसेंबरात जाताना ६० च्या आत, येताना ७० च्या वर.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची फेरी. १८ ला जाताना ६४, आज येताना ६६. वारा जवळजवळ नाहीच. ऋतू बदलायच्या मधल्या काळात असंच असायला हवं.

या ६४-६६ ला मी आता बिनवाऱ्याची वेळ धरतो. हिशेब जुळतो का बघितलं. ६८३ अधिक दोन्हीकडचा फेरा ४०, म्हणजे ७२३. ताशी ८३० नं ५२ मिनिटं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो त्याची बारा-तेरा. बरोबर ६५.

१८ ला खिडकी उजवीकडची होती आणि आकाश धुतलेलं. संभाजीनगरच्या अलीकडेच नाथसागर दिसायला लागला, काठोकाठ, सूर्य तिरपा पडून अर्धा पितळेसारखा. नंतर बराच वेळ एक फिकट, सरळ पट्टी विमानाखालून आत-बाहेर करत राहिली. समृद्धी. लोणार काही सापडलं नाही. माझ्या रेषेपासून दक्षिणेला पस्तीस किलोमीटरवर आहे, दिसायला हवं होतं. एक तर पंखाखाली गेलं, नाहीतर त्याच वेळी चहावाली बाई आली म्हणून.

याच दिवाळीत मेहुणा कुटुंबासह समृद्धीनं गेला. त्यानं आणि मी वेळा लिहून ठेवल्या. घर ते घर.

मी: घर ४.१५, विमानतळ ५.२०, मागे ढकललं ६.५०, चाकं सुटली ७.१०, टेकली ८.१४, घर ९.००. एकूण पावणेपाच तास. त्यात हवेत ६४ मिनिटं.

तो: घर ५.००, आमणेवरून महामार्गाला ५.४०, इगतपुरीचा आठ किलोमीटरचा बोगदा, दोन थांबे, घर १.४०. एकूण ८ तास ४० मिनिटं.

चार तासांचा फरक. पण त्याच्या गाडीत चार माणसं होती, फराळाचे तीन डबे होते आणि सासूबाईंचा कुंडीतला सोनचाफा होता. तिकिटांचे दर बघितल्यावर मी वाद घातला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

भाकीत बरोबर! काल जाताना ५८ मिनिटं. फोनवर ९३० किमी वेग दिसला, एकदा क्षणभर ९४१. आज येताना ७३, आणि वेग ७३५ च्या आसपास अडकलेला. विमान तेच, अंतर तेच. वाऱ्याचे ताशी शंभर किलोमीटर जाताना मिळाले, येताना गेले.

वाटतं की फिट्टंफाट झाली. होत नाही. फेरा, चढ-उतार सगळं सोडून फक्त ६८३ घेतले आणि वेग ८३० धरला, तर बिनवाऱ्याचं जाणं-येणं ९८.७ मिनिटं होतं. ताशी शंभरचा वारा घातला की जाताना ४४.१ आणि येताना ५६.१, बेरीज १००.२. दीड मिनिट वाऱ्यानं खाल्लं. कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो आणि पाठीच्या वाऱ्यात कमी. वारा कुठूनही येवो, जाऊन-येऊन तोटाच.

दादासाठी मात्र एवढं सगळं नको. त्याच्या पानावर चारच ओळी ठेवल्या:

मुंबईहून नागपूरला, चाकं सुटल्यापासून:
पावसाळा ६८ मिनिटं
दिवाळीच्या आगेमागे ६४
हिवाळा ५८

उन्हाळ्याची ओळ रिकामी आहे. एप्रिल-मेचं माप हाताशी नाही.

दादाचा प्रश्न: "मग तिकिटावर बाराही महिने एक तास पस्तीसच काहाले?" बाराही महिने नसतं, वेळापत्रकं हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची वेगळी निघतात, पण या मार्गावरचा फरक त्या उशीत सहज बुडतो.

२८ डिसेंबर

गुरुवारपासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. लगेच तक्त्यात घातलं: १८.९९ उत्तर, ७३.०७ पूर्व. नागपूर ६६६ किलोमीटर, सांताक्रूझपेक्षा सोळा-सतराने कमी. विमानाला सव्वा मिनिट.

कल्याणहून उलव्याला जायला किती वेळ लागतो, त्यावर पुढचं ठरेल. सव्वा मिनिटाच्या बचतीसाठी शीळफाट्याच्या गर्दीत कोण शिरणार, असं बायको म्हणते. तिचं बरोबर असावं. पण पहाटे चारला शीळफाटा मोकळा असतो. एकदा करून बघणार.

११ जानेवारी २०२६, रविवार

काल सकाळी रांगेत तिसरा नंबर होता. ७.०९ ला सुटू असा अंदाज करून दादाला लिहिलं, "८.०७." फोन बंद.

चाकं सुटली ७.०९ ला. नशीब. टेकली ८.०६ ला. हवेत ५७. यावेळी डावीकडची खिडकी मिळाली होती, त्यामुळे लोणार पुन्हा राहिलं.

बाहेर आलो तर दादाची गाडी समोर, आणि पुढच्या सीटवर बाबा, स्वेटर-मफलर घालून. साडेसातपासून तयार होऊन बसले होते म्हणे. दादानं सांगितलं की घरातून निघताना बाबांनी घड्याळ रेडिओवर लावून घेतलं. मी दार उघडलं तसं बाबांनी मनगट पुढे केलं.

"आठ सहाला आवाज आला. तू सात म्हटलं होतं."

एक मिनिट आधी आलं तर चांगलंच ना, असं मी म्हणालो. बाबांनी उत्तर दिलं नाही, दादाला गाडी काढ म्हणाले. अजनी चौकातून जाताना दादा माझ्याकडं बघून हसला.

आज येताना ७५ मिनिटं. तक्ता ७२ म्हणत होता. खोपोलीच्या पुढे एक गिरकी झाली. मुंबईच्या बाजूचा रकाना अजून कच्चाच आहे, आणि टर्मिनलबाहेर रिक्षा मिळायला अठ्ठावीस मिनिटं लागली, ती कुठल्या रकान्यात घालायची ते ठरलेलं नाही.